कंपनीची नसलेली फाइल

माझी गाडी बाहेरून बघितली तर भाजी आणायला घेतलेली वाटते. लहान, पाच दारांची, डिकीत जेमतेम दोन बॅगा मावणारी. पण तिच्या पोटात टर्बो इंजिन आहे आणि अशा गाडीला हॉट हॅचबॅक म्हणतात, हे मी सोसायटीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकवलेलं आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, फ्रिज सासरहून आलेला, सोफा नवऱ्याच्या पसंतीचा. गाडी तेवढी माझी एकटीची.

मी नागपूरची, नवरा बेळगावकडचा. तो इथे बंगळुरूत इंजिनाच्या कॉम्प्युटरवर काम करतो. पेडल इतकं दाबलं की इंजिनाने इतका जोर द्यायचा, हे त्या कॉम्प्युटरला कुणीतरी आधी शिकवून ठेवावं लागतं. ते ज्या फाइलमध्ये असतं ती बनवणाऱ्यांपैकी तो एक. घरात त्याच्याइतका गरीब माणूस नाही. काहीही सांगा, ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणून मान हलवणार. लग्नानंतर आमचं कडाक्याचं भांडण कधी झालंच नाही, आणि याचं श्रेय मी मैत्रिणींपुढे नेहमी त्यालाच देत आले.

माझी नोकरी आनेकलच्या पुढे एका कारखान्यात आहे. रोज सकाळी शहरातून रखडत निघायचं, आणि आनेकल मागे पडलं की नीलगिरीच्या झाडांमधून एक सरळ मोकळा रस्ता लागतो. तिथे मी पेडल दाबायचे आणि गाडी पाठीत धक्का देऊन सुटायची. त्या तुकड्यासाठी मी घराजवळच्या चांगल्या नोकऱ्या नाकारल्या आहेत. आईला हे कळलं तर ती मला वेड्यात काढेल.

गेल्या दसऱ्यानंतर तो धक्का कमी होत गेला. एकदम नाही. आज वाटावं की पेट्रोल खराब आहे, उद्या वाटावं की उन्हाळ्यामुळे असेल. सर्व्हिसिंग केलं, प्लग बदलले. शेवटी मी मनाची समजूत घातली की गाडी जुनी होत चालली, आणि तिला ताकद वाढवून द्यायची असं ठरवलं.

ताकद वाढवायचे मार्ग तीन. पहिला म्हणजे एक छोटी डबी. ती सेन्सरच्या नावाने इंजिनाच्या कॉम्प्युटरला चक्क थाप मारते, की हवेचा दाब कमी आहे, आणखी दे. दुसरा म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्येच परदेशातून आलेली तयार फाइल भरायची. तिसरा म्हणजे गाडी रोलरवर चढवून, जागच्या जागी पळवून, तिच्या तब्येतीप्रमाणे खास तिच्यासाठी फाइल बनवून घ्यायची. साडी निवडायला मी चिकपेटमध्ये कधी इतका वेळ घातला नसेल. व्हिडिओ बघितले, अनोळखी लोकांशी ग्रुपवर वाद घातले. आणि रोज जेवताना नवऱ्याचं डोकं खाल्लं.

तो न कंटाळता ऐकायचा. डबी कॉम्प्युटरला फसवते, ते बरं नाही, म्हणायचा. तयार फाइल तिकडच्या पेट्रोलसाठी बनवलेली असते, इथे इंजिनात खडखड सुरू होईल. खास फाइल चांगली, पण गिअरबॉक्सला ती झेपेल का ते बघायला पाहिजे. कागदावर आलेख काढून दाखवायचा. मला इतकं भरून यायचं, की बघा, माझ्या खुळापायी हा माणूस स्वतःची झोप मोडून बसतो. मग मी मित्राच्या ओळखीतून इथल्या, बंगळुरूच्या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीतलं एक वर्कशॉप ठरवलं, खास फाइल बनवून घ्यायची म्हणून. त्याला सांगितलं तेव्हा त्याने आलेखाच्या कागदाची घडी घातली आणि म्हणाला, “सरी.”

वर्कशॉपचा मालक तिशीतला, कानात बाळी, दिवसभर लॅपटॉपसमोर. आधी गाडी जशी आहे तशी मोजतो, म्हणाला. गाडी रोलरवर चढली, पट्ट्यांनी बांधली. इंजिन ओरडायला लागलं तशी मी खूश होऊन मोबाइलवर शूटिंग करत होते. त्याने स्क्रीनवरचा आकडा बघितला आणि पुन्हा पळवून बघितली. मग तो मला म्हणाला, “मॅडम, कंपनी जितना बोलता है, उतना भी नहीं है.” म्हणजे गाडी नवी घेतली तेव्हाच्या ताकदीपेक्षाही खाली होती. त्याने हवेचे पाइप तपासले, टर्बो तपासला. सगळं ठणठणीत.

मग त्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधली फाइल बाहेर काढली आणि कंपनीच्या मूळ फाइलशेजारी ठेवली. पडद्यावर दोन रेघा दिसल्या. एक वर चढत गेलेली, दुसरी अर्ध्यातच मान टाकलेली. तो बराच वेळ बघत राहिला.

“मॅडम, ये कंपनी का फाइल नहीं है. किसी ने कम किया है.”

मी म्हटलं, खराब झाली असेल. तो म्हणाला, खराब फाइल अशी नसते. हे फार सफाईने केलंय. पेडल मऊ केलंय, मधला जोर कमी केलाय, वरचा आणखी कमी. हे एका दिवसात झालेलं नाही, कारण फाइल बऱ्याचदा लिहिल्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याच्या आवाजात कौतुक होतं. असं काम करणारा माणूस बंगळुरूत कोण आहे, मला भेटायला आवडेल, असंही तो म्हणाला.

मी खुर्चीत बसले, कारण मला खंडेनवमी आठवली. इथले लोक तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी ज्याचं पोट ज्यावर चालतं त्याची पूजा होते. रिक्षा, शिवणयंत्र, आणि आयटीवाल्यांचे लॅपटॉपसुद्धा. गेल्या वर्षी मी झेंडूचा हार घेऊन पार्किंगमध्ये उतरले तेव्हा नवरा माझ्या गाडीत बसला होता. शेजारच्या सीटवर त्याचा लॅपटॉप, त्यातून निघालेली वायर स्टिअरिंगखाली गेलेली. मी हसले. म्हटलं, दोघांची पूजा एकत्रच का, आणि गाडीच्या नाकाला कुंकू लावून झाल्यावर मीच त्या लॅपटॉपलाही बोट टेकवलं. चाकाखाली लिंबं ठेवली. पेढे वाटले.

वर्कशॉपवाला विचारत होता की नवी फाइल किती गरम, म्हणजे किती जोराची, बनवायची. मी म्हटलं, काही बनवू नका, कंपनीची होती तीच परत टाका. त्याला वाटलं मी त्याच्यावर नाराज झाले.

घरी पोचले तेव्हा नवरा ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होता. मी किल्ली हातातच धरून विचारलं, “गाडीची फाइल कोणी बदलली?”

त्याने मागे वळून बघितलं आणि एक क्षणही न घेता म्हणाला, “मीच केलो.”

तो खोटं बोलेल, सारवासारव करेल, याची माझी तयारी होती. या उत्तराची नव्हती.

“कधीपासून करून राहिला तू हे?”

“दसऱ्यापासून. दर वेळी स्वल्प स्वल्प.”

मग त्याने शांतपणे सगळं सांगितलं. एकदा तो माझ्याबरोबर आनेकलला आला होता, तेव्हा त्या सरळ रस्त्यावर बाजूच्या बांधावरून एक ट्रॅक्टर अचानक वर आला. मी ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी थांबली, आणि मी हसून पुढे निघाले. तो ट्रॅक्टर त्याच्या डोळ्यांपुढून गेलाच नाही, म्हणाला. रोज सकाळी मी निघाले की माझा पोचल्याचा मेसेज येईपर्यंत त्याला ऑफिसात काही सुचायचं नाही.

“मग मला बोलायचं ना.”

“बोललो की. हळू चालव म्हटलो. तू हसायचीस.”

“म्हणून चोरून?”

“चोरून नव्हे ग. आमच्या कामात असंच करतात. एकदम कमी केलं तर चालवणारा तक्रार करतो. थोडं थोडं केलं तर त्याला सवय होते. चालवणाऱ्याला कळलं नाही, म्हणजे काम चांगलं झालं.”

हे तो खरोखर मला समजावून सांगत होता. कोथिंबिरीची काडी त्याच्या हातात तशीच होती. माझ्या डोळ्यांपुढे ती जेवणं येत होती, ते आलेख, ते ‘गिअरबॉक्सला झेपेल का’. माझी गाडी मारून हा माणूस माझ्याबरोबर तिच्या औषधाची चर्चा करत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्याला म्हटलं, गाडीत बस. तो निमूट बसला. आनेकल मागे पडलं. नीलगिरीची झाडं सुरू झाली तसा त्याचा हात वर गेला आणि खिडकीवरच्या दांडीला धरून बसला. बोटं पांढरी पडली होती. तो असा दांडी धरून बसलेला मी आधी कधी बघितला होता का, मला आठवेना. रस्ता मोकळा होता, गाडी पुन्हा माझी झाली होती, आणि माझा पाय काही केल्या खाली जाईना. मला त्याचा राग आला, आणि मग माझ्या पायाचाही आला.

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. सोफा त्याच्या पसंतीचा आहे, हे मला उगाचच आठवलं. माझं नागपूरला जाणं कमी कमी होत गेलं होतं. मैत्रिणींचे फोन कमी झाले होते. कामामुळे असेल, वयामुळे असेल, असं मी म्हणत आले होते, गाडीबद्दल म्हणत होते तसंच.

“आणखी काय काय कमी केलंस?” मी विचारलं. “गाडी सोडून.”

हा माणूस खोटं बोलत नाही, हे मला कालच कळलं होतं. मला फक्त ‘काही नाही’ एवढं ऐकायचं होतं. त्याने दांडीवरचा हात खाली घेतला, समोरच्या रस्त्याकडे बघितलं, आणि तो आठवायला लागला.