कर्नलमध्ये अडकलेला आवाज

अण्णा पैठण गाडीवर कंडक्टर होते. मागच्या सीटवर घोरणारा माणूसही त्यांच्या हाकेनं आपल्या स्टॉपला उतरायचा. आजारानं आधी हातपाय नेले, मग वाचा. उरले डोळे. ते पडद्यावरच्या अक्षरांकडे बघत, कॅमेरा नजर टिपे आणि खाटेजवळचा कॉम्प्युटर त्यांचं वाक्य बोलून दाखवी. आईला अक्षरओळख नाही. दोघांचा संसार त्या स्पीकरवर चालला होता.

कॅमेरा बिघडला. नवा आणला, तर त्याला कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, नवाच लागत होता. तो टाकला. कॅमेरा चालला आणि आवाज गेला. आगीतून फुफाट्यात!

आता अण्णांचं वाक्य पडद्यावर उमटे आणि आई मला विचारी, "काय म्हणतेत रं?" मी वाचून दाखवी. हळूहळू अण्णा 'पाणी' आणि 'कूस' यापलीकडे काही लिहीनासे झाले.

जुन्या आणि नव्या कर्नलमध्ये हजारो बदल होते. मधली आवृत्ती तयार करायची आणि चालवून बघायची. बोलली, तर खोट पुढच्या बदलांत. मुकी निघाली, तर मागच्या. असं निम्मं निम्मं करत एका बदलापर्यंत यायचं. नोकरी सांभाळून हे करताना नाकी नऊ आले. शेवटी बोट पडलं ते प्रिंटरच्या बदलावर. आमच्याकडे प्रिंटरच नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी. मी कीबोर्ड आपटला. हे आपल्याच्यानं होणार नाही, असं त्या दिवशी खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. आईनं सवयीनं पिन उपसली. लाईट येताना झटका येतो, म्हणून आमच्या गल्लीत सगळेच पिना काढतात. लाईट आल्यावर मी आधी चालू असलेलीच आवृत्ती पुन्हा चालू केली. मघाशी बोलणारी आता मुकी!

तेव्हा कळलं. मी आवृत्ती जुन्या कर्नलवर तयार करायचो आणि नुसतं रीस्टार्ट करायचो. त्यात वीज तुटत नाही, त्यामुळे जुन्यानं जागी केलेली आवाजाची चिप तशीच जागी राहायची, म्हणून खोट असलेल्या आवृत्त्याही बोलायच्या. खरं उत्तर मिळायचं ते फक्त लाईट गेली तरच. माझी सगळी मेहनत मातीत गेली होती. मी तिथंच फरशीवर बसून रडलो.

मग ये रे माझ्या मागल्या. दरवेळी पिन काढायची, चहा होईपर्यंत थांबायचं, मग बटण दाबायचं. अखेर एक ओळ सापडली. चिप जागी व्हायला ठेवलेली क्षणभराची उसंत कुणीतरी फालतू समजून काढून टाकली होती. मी ती परत घातली.

अण्णांची नजर अक्षरांवर बराच वेळ फिरत राहिली. आई पदर तोंडाशी धरून उभी होती. स्पीकर खरखरला.

"पोरा, तू जरा बाहेर जा."

मी गेलो. आईनं आतून दार लोटून घेतलं.