न मोजलेली फेरी

माझ्या नणंदेला सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एका जागी बसायचीच नाही, म्हणून सासऱ्यांनी ठेवलेलं हे नाव. पुढे ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली आणि गिऱ्हाइकाच्या फ्रेमच्या मापाने काचा घासू लागली, तेव्हा माझ्या नवऱ्याला जन्माला पुरेल असा विनोद फुकटात सापडला. “भिंगरी भिंगं घासते,” हे त्याने घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं. ती नुसती त्याच्याकडे बघायची. तिला विनोदाचं वावडं नव्हतं, पण तोच विनोद परत ऐकायला तिच्याकडे वेळ नसायचा.

वेळ नसायचा हे खरंच. पहाटे मैदान, मग दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर यंत्रापुढे उभं राहणं, संध्याकाळी पुन्हा मैदान. ती चारशे मीटर धावायची, म्हणजे मैदानाची पूर्ण एक फेरी. शाळेत असताना कवायतीच्या सरांनी तिला हेरलं होतं आणि निवृत्त झाले तरी तिला सोडलं नव्हतं. ते म्हणायचे, शेवटच्या वळणापर्यंत माणूस धावतो, तिथून पुढे फक्त हट्ट धावतो. हट्टाची आमच्याकडे टंचाई नव्हती. आमच्या सासूबाई लग्नाचा विषय काढायच्या, तेव्हा ती ताट उचलून स्वयंपाकघरात जायची आणि ओट्यापाशी उभ्यानेच जेवण संपवायची.

मग एका वर्षी तिची मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. पदकाची आशा कुणीच धरली नव्हती, सरांनी तर नाहीच. पहिल्या फेरीत पहिल्या तिघींत यायचं आणि उपांत्य फेरीत पोचायचं, एवढंच ठरलं होतं. पण ते जमण्यासारखं होतं, म्हणून तर सगळ्यांचा जीव त्यात अडकला होता.

शर्यत दुपारी होती. भिंगरीचा दादा, म्हणजे माझा नवरा, अर्ध्या दिवसाची रजा टाकून टीव्हीसमोर बसला. सासूबाईंनी खुर्ची इतकी पुढे ओढली की आम्हाला त्यांच्या अंबाड्याच्या दोन्ही बाजूंनी बघावं लागत होतं. भिंगरीला आठवी लेन मिळाली होती, सगळ्यांत बाहेरची. वळणांचं अंतर सारखं करण्यासाठी त्या लेनमधल्या मुलीला इतरांच्या बरंच पुढे उभं करतात. त्यामुळे तिला समोर कुणीच दिसत नाही. बाकीच्या सगळ्या पाठीमागे असतात. पिस्तुलाचा आवाज सगळ्यांना एकदमच ऐकू यावा म्हणून प्रत्येकीच्या पाठीमागे एक छोटा स्पीकर ठेवलेला असतो.

पिस्तूल वाजलं आणि लगेच दुसऱ्यांदा वाजलं. तिसऱ्या लेनमधली मुलगी आवाजाआधीच निघाली होती. दुसरा आवाज म्हणजे ही सुरुवात रद्द, मागे फिरा, पुन्हा धावायचंय. सगळ्या जणी चार पावलांत थांबल्या, कंबरेवर हात ठेवून मागे फिरल्या. फक्त भिंगरी थांबली नाही.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं की थांबेल. दादा म्हणाला, “थांबेल आता.” ती पहिलं वळण ओलांडून समोरच्या सरळ पट्ट्यावर गेली. तिथे एक कोटवाला माणूस आतल्या बाजूने दोन्ही हात हलवत होता, आणि ती मान खाली घालून त्याच्यासमोरून निघून गेली. दादा उठून उभा राहिला आणि टीव्हीला सांगायला लागला, अगं थांब, अगं परत यायचंय. जणू काच वाजवली की तिला ऐकू जाईल. समालोचक हसत होते. सासूबाई मात्र खुशीत होत्या.

“बाकीच्या कुठेच दिसत नाहीत की गं,” त्या मला म्हणाल्या.

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

तिकडे काय झालं ते तिने मला पुढे सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, भांडी पुसता पुसता. दुसरा आवाज तिला आलाच नव्हता. प्रेक्षक ओरडत होते ते तिला थांबवायला, आणि तिला वाटलं की ते आपल्याला चेतवताहेत. आयुष्यात कधी इतके लोक तिच्यासाठी ओरडले नव्हते. शेवटच्या वळणावर एरवी पाय जड होतात, त्या दिवशी झाले नाहीत. सरळ पट्ट्यावर आल्यावर डाव्या बाजूला कुणीच नाही असं तिला जाणवलं. आपण इतक्या पुढे आहोत, असं तिला वाटलं. “वहिनी, मला तेव्हा काय वाटलं ते मी सांगणार नाही,” ती म्हणाली, आणि पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसायला लागली.

तिने रेषा ओलांडली तेव्हा घड्याळ बंद होतं. एक बाई पाण्याची बाटली घेऊन आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातावरूनच तिला कळलं.

सर प्रेक्षकांतून खाली धावले. पण त्यांना मैदानात सोडेनात, म्हणून कठड्यावरूनच त्यांनी अधिकाऱ्यांना विनवलं. तिला पुरेशी विश्रांती द्या, वाटलं तर ही शर्यत सगळ्यांत शेवटी घ्या. कार्यक्रम ठरलेला आहे, असं उत्तर मिळालं. पुढची एक शर्यत आधी उरकून घेतली आणि मग हिला बोलावलं. तेवढ्या वेळात बाकीच्या मुली अंगावर उबदार जाकिटं चढवून सावलीत बसल्या होत्या आणि ही गवतावर पालथी पडून ओकत होती.

दुसऱ्यांदा ती अर्ध्या मैदानापर्यंत बरोबरीने होती. मग तिच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि एकेक जण तिला मागे टाकत गेली. ती शेवटची आली. सासूबाई म्हणाल्या, “मघाशी जिंकली होती ना, मग पुन्हा कशाला पळायला लावलं?” या वेळी दादा त्यांच्यावर खेकसला, आणि मग त्याने स्वतःच त्यांना पाणी आणून दिलं.

सरांनी रीतसर तक्रार केली की दुसऱ्या आवाजाच्या वेळी आठव्या लेनचा स्पीकर बंद पडला होता. संध्याकाळी स्पीकर तपासला, तर तो व्यवस्थित वाजला. दुपारी वाजत होता का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं आणि कुणाला ते शोधायचंही नव्हतं. बाकी सगळ्यांना ऐकू आलं, मग हिलाच कसं नाही, एवढ्यावर विषय मिटला.

परत आल्यावर आमच्या ॲथलेटिक्स संघटनेने तिला कान तपासून घ्यायला लावले. दवाखान्यात तिला एका बंद खोलीत बसवून कानात बारीक बारीक आवाज सोडले. कान ठणठणीत निघाले. त्यावर संघटनेचे साहेब म्हणाले की म्हणजे लक्ष नव्हतं. बहिरी असती तर दया आली असती, बहिरी नाही म्हणून दोषी ठरली. ती घरी येऊन हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज शांत होता, पण चप्पल मात्र एक दारात आणि एक पार सोफ्याखाली गेली होती.

व्हिडिओ तर सगळीकडे फिरला. दुकानात चष्मा न्यायला येणारी माणसं मागच्या खोलीत डोकावून विचारायची, त्या तुम्हीच का? एकाने शर्यतीला गाढवाचं गाणं जोडून ते तिलाच दाखवलं. तिने त्याचा चष्मा पुसून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “आता नीट दिसेल.”

तिला खरी तगमग वेगळ्याच गोष्टीची होती. त्या फेरीची वेळ किती होती? सरांनी दुसरा आवाज ऐकताच हातातलं घड्याळ थांबवून शून्यावर आणलं होतं. मैदानातलं घड्याळ तर बंदच होतं. दादाने रविवारभर व्हिडिओ लावून हिशेब मांडायचा प्रयत्न केला, पण मध्येच वाहिनीने तिसऱ्या लेनवालीची चूक संथ गतीत दाखवली होती, आणि ती संपली तेव्हा भिंगरी शेवटच्या वळणावर होती. मधला तुकडाच नव्हता. आयुष्यातली सगळ्यांत चांगली फेरी तिने धावली की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

“मला माहीत आहे,” ती म्हणायची. मग थोड्या वेळाने म्हणायची, “पण मलाही काय माहीत आहे?”

पुढच्या मोसमात ती पुन्हा उतरली. पण तिला एक खोड लागली. पिस्तूल वाजलं की दहा-बारा पावलांवर तिची मान डावीकडे वळायची, बाकीच्या येताहेत ना हे बघायला. क्षणभरच, पण तेवढ्यात लय तुटायची. सरांनी समजावलं, रागावले, एकदा तर तिच्या डोळ्यांच्या कडेला पुठ्ठे बांधून तिला पळवलं. सरावात मान वळायची नाही. शर्यतीत वळायचीच. निवड चाचणीत ती केसभर अंतराने चौथी आली आणि तिघींना नेलं.

त्या दिवशी सर आमच्या घरी आले होते. चहा गार होऊ दिला त्यांनी. शेवटी म्हणाले, “आपण आता थांबूया का?”

“कुणी सांगितलं थांबायला?” भिंगरीने विचारलं. “मला तर ऐकू आलं नाही.”

कुणी हसलं नाही. दादासुद्धा नाही.

ती अजून धावते. निवडीचं वय आता सरलंय, हे तिलाही ठाऊक आहे. राग मात्र गेलेला नाही आणि तो जावा असं मला आता वाटतही नाही. मध्यंतरी संघटनेने तिला नव्या मुलींपुढे दोन शब्द बोलायला बोलावलं. खेळात हारजीत महत्त्वाची नसते, असं काहीतरी सांगा, म्हणाले. तिने फोनवर पूर्ण ऐकून घेतलं, येत नाही म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि बूट घालून बाहेर पडली.