कठड्यावरची टोपी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला 'रुग्णाची प्रतिष्ठा' यावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता. मी पाच मुद्दे लिहिले, त्यात पडदा लावावा हा पहिला. पैकीच्या पैकी मार्क पडले. आता मी मुलींना तोच विषय शिकवते, त्यांचे पेपर तपासते, आणि तो प्रश्न आला की जरा वेळ पेन खाली ठेवते.

माझा आवाज मुळातच दांडगा. घरचे म्हणतात, हिला फोन कशाला, खिडकी उघडली की पुरे. हाडांच्या पुरुष वॉर्डात होते तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटायचं. दारात उभी राहून मी एका दमात सगळा वॉर्ड घ्यायची. "सात नंबर, जेवलात का? नऊ नंबर, गोळी घेतली? बारा नंबरचे बाबा, लघवी झाली का?" सगळे उत्तर द्यायचे. बारा नंबरचे बाबा तेवढे छताकडे बघत राहायचे.

बाबा मखमलाबादकडचे, झेंडूचा मळा होता. बांधावरून घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं. दसरा आठवड्यावर आलेला, फुलं ऐन भरात, आणि हा माणूस पाठीवर. मुलगा अंबडला कंपनीत, पाळी संपवून संध्याकाळी यायचा. दिवसभर सून जवळ असायची. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही, आणि सासऱ्याशी बोलायचं ते खाली बघून.

ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी काढली आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांची लघवी कमी झाली. रक्ताचे रिपोर्ट बिघडत चालले. तक्त्यावर मात्र मी रोज दोन लिटर पाणी लिहीत होते, कारण खुणा केलेली बाटली दिवसातून दोनदा रिकामी दिसायची. डॉक्टर तो तक्ता बघून म्हणाले, "एवढं पाणी जातंय आणि बाहेर काही नाही. किडनीच दमली यांची. असंच राहिलं तर डायलिसिस लागेल." सून पदराचं टोक तोंडात धरून रडली.

त्याच दुपारी मी हात धुवायला गेले, तर ही बाई मोरीत बाटली ओततेय! माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, सासऱ्याच्या जिवावर उठलीस का?"

तिने बाटली पदराखाली घेतली. "मामाच म्हनत्यात वत म्हनून. मी काय करू?"

मी तरातरा खाटेपाशी गेले. भांडायलाच गेले होते. पण बाबांनी हात जोडले, आणि इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं. "पोरी, पाणी प्यालो की ते भांडं मागावं लागतं. पोरगा संध्याकाळी येतो, तवर दम धरतो मी. तू सकाळ-दुपार सगळ्यांदेखत वरडती, लघवी झाली का. सून बसलेली असती गं. लय लाज वाटती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे तो माणूस माझ्या आवाजाला भिऊन तहानलेला राहत होता, आणि मी खोटा तक्ता भरत होते. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, बोलणी खाल्ली. मग बाबांपाशी जाऊन विचारलं, तोंडाने मागायची लाज वाटते ना, मग खुणेने मागाल का? उशाची गांधी टोपी त्यांनी पलंगाच्या कठड्यावर ठेवायची. ती दिसली की मी सुनेला काहीतरी निमित्त काढून खाली पाठवायची, पडदा ओढायचा, भांडं द्यायचं आणि तोंड फिरवून उभं राहायचं. सुनेला यातलं काही कळू द्यायचं नाही, ही त्यांची अट होती. मीही तोंडाला कुलूप लावलं.

बाबा पाणी प्यायला लागले. दोन दिवसांत रिपोर्ट सुधारले. मला म्हणाले, "दसऱ्याला तुझ्या दाराला माझ्याच मळ्याचं तोरण लागंल बघ." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दसऱ्याला जोडून मला दोन दिवस सुट्टी होती. जाताना पुढच्या सिस्टरला नेहमीसारखं खाट-खाट फिरून सगळं सांगितलं. बारा नंबरचं औषध, ड्रेसिंग, पाणी किती, लघवी किती, सगळं वहीत लिहून दिलं. टोपीचं सांगायचं राहिलं. वहीत त्याला रकानाच नव्हता, आणि मी तरी रकान्याबाहेरचं कधी काय सांगत होते?

त्या दोन दिवसांत मुलगा फुलं तोडायला आणि बाजाराला अडकला, वॉर्डात फिरकलाच नाही. मी तिसऱ्या दिवशी आले तर बारा नंबरवर नवी चादर. सून जिन्यात बसली होती. बाबांना वर आयसीयूत नेलं होतं. पाणी बंद, लघवी बंद, वर ताप चढलेला.

"परवा सकाळपासून टोपी कठड्याव ठेवलेली," ती म्हणाली. "मला वाटलं, मामांना उकडतंय. मीच दोनदा उचलून उशाशी ठेवली. ते परत तिथंच ठेवायचे."

मी जिन्यातच तिच्याशेजारी बसले.

डायलिसिस झालं, पण उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी बाबा गेले. आज मुलींना शिकवताना मी म्हणते, वही मिटा आणि आधी वहीत नसलेलं सांगा. त्या एकमेकींकडे बघून हसतात.

सुट्टीवरून आले त्याच सकाळी मी वर आयसीयूत गेले होते. बाबा शुद्धीवर होते, ओठ पार सुकलेले. मला ओळखलं. रागावतील असं वाटलं होतं, निदान तोंड तरी फिरवतील. तसं काहीच केलं नाही. माझी समजूत घातल्यासारखं, सावकाश म्हणाले, "शिस्टर, मी टोपी ठेवली होती."