धाकट्या मामंजींची ‘इया’

माझ्या धाकट्या मामंजींसारखा एका जागी न टिकणारा माणूस मुळशी तालुक्याने त्यांच्याआधी पाहिला नव्हता आणि यापुढे पाहील असं मला वाटत नाही. धाकटे मामंजी म्हणजे माझे चुलतसासरे. बसायला पाट दिला तर ते पाटाभोवती फिरत. चहाचा पहिला घोट ओटीवर आणि शेवटचा गोठ्यात. मधली बशी कुठे राहिली ते मी शोधायचं. पौडला दाढी करायला गेले, की वस्तरा एका गालावरून दुसऱ्या गालावर जाईपर्यंतही त्यांना धीर निघत नसे. एकदा अर्ध्या दाढीवरच ते स्टँडवर कोण उतरलं ते बघायला गेले, आणि उरलेली अर्धी करायला थेट दुसऱ्या दिवशी. न्हावी भला माणूस. त्याने ती एकच दाढी धरली.

मी लग्न होऊन पुण्याहून पिरंगुटच्या पुढे आमच्या गावी आले, तेव्हा ते नुकतेच परतले होते. तरुणपणी घरात न सांगता मुंबईच्या गोदीत पळाले, तिथून फिटर म्हणून मालाच्या बोटीवर चढले, आणि तापाने फणफणल्यावर बोटीने त्यांना दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला, सुरीनाममध्ये उतरवून ठेवलं. बोट गेली, ताप गेला, हे राहिले. मग वरच्या नदीला जाणाऱ्या लांबलचक लाकडी होड्यांची इंजिनं दुरुस्त करत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं न्ड्युका लोकांत काढली. हे नाव घ्यायलाच आधी नाकात ‘न’ धरून ठेवावा लागतो. या लोकांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून धरून उसाच्या मळ्यांवर राबायला आणलं होतं. ते रानात पळाले, लढले, गोऱ्यांना तह करायला लावला, आणि चार मुलखांच्या शब्दांतून स्वतःची भाषा उभी केली. धाकटे मामंजी ती मराठीपेक्षा बरी बोलत. गावात कोणीतरी माहीतगार विचारीच, “तितं आपली लोकं बी हायेत म्हनं, हिंदी बोलनारी?” यावर ते हात झटकत. “हायेत की, पर ती खाली, शेराकडं. मी वर व्हतो, नदीला.” तो देश डचांच्या हातून स्वतंत्र झाला, माणसं बाडबिस्तरा बांधून हॉलंडला निघाली, तेव्हा यांनाही एकदम घराची आठवण झाली.

पण घरात आई उरली नव्हती. ती शेवटपर्यंत “धाकला आला का?” विचारत गेली, आणि ती गेल्याचं यांना कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. थोरले मामंजी, म्हणजे माझे सख्खे सासरे, आईच्या उशाशी बसून तो प्रश्न ऐकत राहिलेले. भाऊ दारात उभा राहिला तेव्हा त्यांनी आत बघून एवढंच सांगितलं, “आलाय तर जेवू घाला. मला बोलाय लावू नका.” आणि खरोखरच ते बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच हंड्यातलं पाणी पिऊन, वर्षांमागून वर्षं. एकदा मात्र मला ऐकू येईल अशा बेताने भिंतीला म्हणाले, “पळालेल्यानं पळालेल्यांचीच भाशा शिकावी, बराबर हाय.” त्या दिवशी धाकटे मामंजी धरणाच्या पाण्यापर्यंत चालत गेले आणि दिवे लागल्यावर परतले.

त्या नदीवर म्हणे दोन होड्या समोरासमोर आल्या, की नुसता हात हलवून चालत नाही. वेग कमी करून विचारपूस करायची. “फा ई दे?” म्हणजे कसा आहेस? उत्तर, “मी दे.” म्हणजे मी आहे. आहे, एवढं पुरतं. मग घरचे, शेजारचे, पलीकडच्या गावचे. हा रिवाज त्यांनी पौडच्या एसटी स्टँडवर चालू केला. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ते उतरणाऱ्या प्रत्येकाला अडवत. “हायेस का?” “हाय.” “घरची हायेत?” “हायेत.” “भाऊकी?” शेवटी कंडक्टर ओरडला, “काका, समदी हायेत, ही गाडी तेवढी न्हाई ऱ्हायची आता!” गाडी गेली. धाकटे मामंजी चालत घरी आले, कारण वाटेत आणखी माणसं भेटायची होती.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. न्ड्युकांच्या बैठकीत कोणी महत्त्वाचं बोलायला उठला, की एक माणूस त्याला उत्तर द्यायला नेमलेला असतो. वक्त्याने दर वाक्याला दम घ्यायचा आणि याने म्हणायचं, “इया.” म्हणजे हो, ऐकलं. ज्याला ऐकवायचं, त्या थोर माणसाकडे तोंड करून बोलायचं नाही. उत्तर देणाऱ्याशी बोलायचं, थोराने बसल्या जागी ऐकायचं. एका ग्रामसभेत धाकटे मामंजी आपण होऊन सरपंचांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. “औंदा रस्ता व्हनार,” सरपंच म्हणाले. “इया.” “दिवाळीच्या आत व्हनार.” “इया.” सरपंच आधी खूश झाले, मग चाचरले. दर वाक्यानंतर कोणीतरी थांबून ते नीट ऐकून घेतंय, याची त्यांना सवय नव्हती. चौथ्या वाक्याला ते “मंजुरी आली तर बगू” वर आले आणि खाली बसले.

मग घरी त्यांच्या बोलण्याला ‘इया’ म्हणायची नेमणूक माझ्याकडे आली. नवऱ्याला आधी धरलं होतं, पण पिरंगुटच्या कारखान्यात पाळी करून आलेला माणूस दुसऱ्याच वाक्याला घोरायला लागे. मी भाकरी थापत ‘इया’ म्हणायची आणि ते चुलीपासून दारापर्यंत येरझारा घालत त्या भाषेत नद्या, धबधबे, बिघडलेली इंजिनं सांगायचे. “सूनबाई, येळ चुकली,” मध्येच रागवत. “उत्तर न्हाई आलं तर बोलनं तसंच लटकत ऱ्हातं. मानसाला बसवत न्हाई मग.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की या माणसाचं कुठलं बोलणं लटकलंय. मी सरळ विचारलं, “मग थोरल्या मामंजींशी बोलत का नाही?” ते उंबऱ्यात थांबले. “मराटीत तोंड उगडत न्हाई गं. पयल्या शब्दालाच आई आठवती.” “मग त्या भाषेत बोला.” “दादाला काय समजनार?” मला वैताग आला होता. “मराठी तरी कुठे समजून घेतात ते?” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरले मामंजी ओटीवर दोरी वळत बसले होते. स्वयंपाकघर आणि ओटी यांच्यामध्ये दार एकच, ते उघडं. धाकटे मामंजी धुतलेलं धोतर नेसून आले आणि माझ्यासमोर चक्क बसले. मांडी घालून बसलेलं त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग भावाकडे न बघता, माझ्याकडे तोंड करून, त्यांनी सुरुवात केली. “इया,” मी म्हणाले. मला कळत काही नव्हतं. फक्त ‘म्मा’ हा शब्द पुन्हापुन्हा येत होता, आणि तो आई, एवढं त्यांनी मला शिकवलं होतं. ओटीवरची दोरी चालूच होती. त्यांची वाक्यं लहान होत गेली, आणि नेमकं तेव्हाच दूध वर आलं. मी उठून चुलीकडे धावले. धाकटे मामंजी दम घेऊन थांबले. उत्तर आलं नाही. त्यांच्याच्याने पुढे बोलवेना आणि उठवेनाही.

“इया,” ओटीवरून आवाज आला.

थोरल्या मामंजींनी मान वर केली नव्हती. इतकी वर्षं दाराआडून ऐकून उत्तराची वेळ त्यांना माझ्याहून चांगली कळत होती. दोरीला आणखी एक पीळ देऊन म्हणाले, “बोल फुडं.” दूध पार चुलीत गेलं. मी हातात फडकं धरून तिथेच रडत उभी राहिले.

त्यानंतर दोघे फार गप्पिष्ट झाले असं नाही. रोज संध्याकाळी धाकटे मामंजी ओटीवर बसत आणि त्या भाषेत बोलत. थोरले दोरी वळत ‘इया’ म्हणत. अर्थ त्यांनी कधी विचारला नाही. धाकटे मामंजी आधी गेले. त्यानंतर थोरले एकटेच ओटीवर बसत, आणि दिवेलागणीला, समोर कोणी नसताना, मध्येच म्हणत, “इया.” ते मला ऐकवत नसे. मग मी आतूनच काहीतरी बोलायला लागे, डाळ शिजत नाही, म्हैस लवकर आटली, काहीही, आणि दर वाक्याला दम घेत असे.