‘ड्रम्स’पुढचं नाव

आमच्या बँडनं उभ्या आयुष्यात सहा गाणी रेकॉर्ड केली. सगळी मिळून पंधरा मिनिटंही भरत नाहीत. ती इंटरनेटवर आहेत, कुणालाही फुकट ऐकता येतात आणि अधूनमधून कुणीतरी ऐकतंही. खाली कोणी काय वाजवलं त्याची यादी आहे. गाणं आणि बेस, एक नाव. गिटार, माझं नाव. ड्रम्स, तिसरं नाव. या तीन ओळींतली तिसरी ओळ खोटी आहे. माणूस खरा आहे, बँडमध्ये होताही, पण त्या गाण्यांतले ड्रम त्यानं वाजवलेले नाहीत. ती यादी मी लिहिली आणि सात वर्षं मी ती तशीच राहू दिली.

आम्ही पंक वाजवायचो. अमरावतीत हे सांगितलं की लोक विचारायचे, म्हणजे ऑर्केस्ट्रा का? पंक म्हणजे तीन सूर आले तरी पुष्कळ, पण छाती फाडून ओरडायचं आणि गुळगुळीत काही करायचं नाही. आमचे शब्द आमच्याच बोलीतले होते. ‘कावून’, म्हणजे ‘का म्हणून’, हे सगळ्यांत चाललेलं गाणं. लाइट गेली, कावून? बस नाई आली, कावून? परीक्षा पुढे गेली, कावून? शेवटाकडे आम्ही तिघं एकदम थांबायचो, श्वासभर शांतता, आणि मग गाणारा एकटाच बोंबलायचा, ‘कावून बे?’ दुसरं एक गाणं होतं, ‘रांग’. सरळ रांगेत उभं राहणार नाही, असं त्यात आम्ही चार वेळा ओरडून सांगायचो. त्या गाण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. का ते पुढे येईलच.

ड्रम वाजवणारा आम्हा दोघांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. गाव तिवसा, काम बडनेऱ्याला, मोटार वाइंडिंगच्या दुकानात. विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटार उघडायची आणि तिच्यात तांब्याची तार पुन्हा भरायची. लग्नसराईत तो बँडपार्टीत ताशा वाजवायचा आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तर दिवसभर. ड्रमसेट त्याला कुणी शिकवला नव्हता. त्या दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही सराव करायचो, तिथे तो एका रविवारी बसला आणि वाजवायला लागला, बस्स.

त्याची एकच खोड होती. हात पळायचा. गाणं ज्या चालीनं सुरू झालं त्याच्या दीडपट चालीनं संपायचं आणि मी धापा टाकत गिटार ओढत त्याच्या मागे. एकदा मी चिडून विचारलं, इतका पळतोस कशाला?

“म्या नाई पयत,” तो म्हणाला. “मिरवणुकीत समोरचा नाचाले लागला का हात आपोआप पयते. हात आखडला तं तो बी थांबते. तुमी दोघं माह्यासमोर उड्या मारून राहिले, मंग मी काय करू?”

मी गिटार पुन्हा गळ्यात अडकवली.

रेकॉर्डिंग अकोल्याला केलं. तिथे एका गृहस्थानं घराच्या वरच्या खोलीत स्टुडिओ थाटला होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. भजनं, जयंतीची गाणी, निवडणुकीत ऑटोवर वाजणारी प्रचाराची गाणी, हा त्याचा धंदा. मे महिना होता, आणि अकोल्याचा मे म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. कूलरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून गाणं सुरू झालं की कूलर बंद. ड्रमवाल्याच्या कानाला हेडफोन लावून त्यात टिकटिक सोडली, ताल पक्का राहावा म्हणून. पहिल्याच गाण्यात त्यानं तो काढून मांडीवर ठेवला. म्हणाला, “कानात घड्याय बसवलं तं मानसानं वाजवावं कसं?” मग आम्ही टिकटिकीशिवायच वाजवलं. दुपारभरात सहाही गाणी झाली. शेवटच्या गाण्याला त्याच्या कोपरावरून घाम ताशावर, म्हणजे त्या छोट्या ड्रमवर, टपटप पडत होता आणि प्रत्येक ठोक्याबरोबर उडत होता. परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत आम्ही नुसते हसत होतो. माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या दुपारी इतक्या चांगल्या गेल्या असतील.

घरी आणून ऐकलं आणि मला ते कसंतरीच वाटलं. गाणी पळत होती. पुण्यात एक ओळखीचा होता, इंटरनेटवर नव्या बँडांबद्दल लिहायचा. त्याला एक गाणं पाठवलं. त्याचं उत्तर आलं: दम आहे, पण ड्रमर लग्नाच्या वरातीतला आणलाय का? मी त्याला हसणारा चेहरा पाठवला.

तो हसणारा चेहरा अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात नुसता ताल नव्हता. आमच्या घरच्या लग्नात बँडपार्टीची पंगत मांडवाबाहेर बसलेली मी लहानपणापासून पाहिली होती आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या हसण्यात ते सगळं होतं. हे स्वतःशी कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

मग मी त्याचे ड्रम काढून टाकले. ऑफिसातून आलो की कॉम्प्युटरपुढे बसायचो आणि माउसनं एकेक ठोका मांडायचो. ठोका कमी नाही की जास्त नाही, मागे नाही की पुढे नाही. ‘रांग’ या गाण्याचे ठोके मी असेच सरळ रांगेत उभे केले आणि तेव्हा मला त्यातली गंमत सुचलीही नाही. गिटार टिकटिकीवर पुन्हा वाजवली. गाणाऱ्यालाही घरी बोलावून त्याच्याकडून बेस आणि गाणं पुन्हा करून घेतलं. त्यानं जाताना चप्पल घालता घालता एवढंच म्हटलं, “त्याले सांगून देजो.” मी म्हटलं, हो.

सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता गाणी बाहेर पडली. त्यानंतर बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ ठेवायला जागा लागली म्हणून मी अकोल्याच्या मूळ फाइली उडवल्या. वर्षभरानं पस्तावून स्टुडिओवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “पंधरा दिवस ठेवतो भाऊ, मंग पुसतो. मधात इलेक्शन येऊन गेलं ना.”

एक चूक मात्र माझ्याकडूनही राहिली. ‘कावून’मध्ये आम्ही सगळे थांबतो त्या शांततेत पायाच्या मोठ्या ड्रमचा एक ठोका भलताच पडून राहिला. इकडचा तुकडा तिकडे चिकटवताना राहिला असणार. सगळं गप्प, आणि मध्येच एकटा ‘धप्’. गाणं बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं. काढायचा आळस केला. पुढे दोघातिघांनी लिहिलं की तो एकटा ठोका फार भारी आहे. मी मूग गिळून बसलो.

गाणी त्यानं पहिल्यांदा ऐकली ती बडनेऱ्याच्या त्याच्या दुकानासमोर, बाकावर बसून, माझ्याच फोनवर. सहाही ऐकली. शेवटी कानातलं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “साफ आलं गा.”

“स्टुडिओवाले साफ करतात,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि उठून आत जाऊन मोटार उघडायला घेतली. मला वाटलं, सुटलो.

त्या दिवाळीत तिवस्याला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं मोबाइल आणून माझ्यापुढे धरला, त्यात ‘कावून’ लावलेलं. “बस बापू,” ती म्हणाली. “साऱ्या मोहल्ल्याले आयकवलं म्या. चांगलं हाये. पन एक सांगू? पोरगं घरी वाजवे तं मांडणीवरची भांडी हालत. याच्यात काईच हालत नाई. मोबाइल लहान हाये मनून असंल.” मी म्हटलं, हो मावशी, मोबाइलचं तसंच असतं. तो दारात उभा राहून बाहेर पाहत होता.

पुढे गाणारा नोकरीला पुण्याला गेला, यानं तिवस्यात स्वतःचं वाइंडिंगचं दुकान टाकलं आणि बँड आपोआप बंद पडला. तसं भांडण कधीच झालं नाही.

यंदा हिवाळ्यात गाणारा सुटीवर आला होता. अमरावतीत काही कॉलेजची पोरं एका हॉलमध्ये दुपारी बँडांचा कार्यक्रम करत होती. त्यांना आमची गाणी पाठ होती! त्यांनीच आग्रह धरला. मी तिवस्याला फोन केला. तो म्हणाला, येतो. सरावाला वेळ मिळाला नाही, तो थेट आला, पिशवीत ड्रमच्या स्वतःच्या काड्या घेऊन. केस बरेच पिकलेले.

पहिलं गाणं सुरू केलं आणि मी सवयीनं पुढे धावलो. आता हा पळणार, हे माझ्या हातांना माहीत होतं. तो पळाला नाही. मीच पुढे गेलो आणि मलाच मागे यावं लागलं. दुसरं गाणं, तिसरं, तेच. एकेक ठोका आखून दिल्यासारखा जागच्या जागी. समोर पोरं अक्षरशः एकमेकांच्या अंगावर पडून नाचत होती. तो त्यांच्याकडे पाहत होता, त्यांचे पाय त्याला दिसत होते आणि त्याचा हात तसूभरही पुढे जात नव्हता.

मग ‘कावून’. आम्ही थांबलो. हॉल गप्प झाला. आणि त्या शांततेत, जिथे असायला हवा होता अगदी तिथेच, त्यानं तो एकटा ठोका मारला. धप्.

पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. मी पुढचा सूरच विसरलो.

कार्यक्रम संपल्यावर तो काड्या फडक्यात गुंडाळत होता. गाणारा पोरांच्या घोळक्यात अडकला होता. मी जवळ गेलो.

“तो ठोका तू का मारलास?”

“का म्हंजे? गान्यात हाये ना तो.”

“तुला माहीत होतं? ते तुझं वाजवणं नाही म्हणून?”

“त्याच दिवशी, बाकावर. माहा हात मले नाई वयखू येनार का बे?” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “पन खाली नाव तं माहंच लिवलं होतं तुनं. म्या इचार केला, उद्या कोनी म्हनलं वाजवून दाखव, तं वाजवता आलं पाहिजे ना. माय सांगत फिरे साऱ्याइले. मनून बसवलं. टिकटिक लावून, एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपरेंत. हा एकटा ठोका सगळ्यात जड गेला. तथी धराले काईच नसते. कसा सुचला बे तुले?”

खोटं बोलायची ही आणखी एक संधी होती. मी म्हटलं, “चुकून पडला होता. काढायचा राहिला.”

त्याचे हात थांबले. “चुकून?” तो म्हणाला. मग फडक्याकडे पाहत जरासा हसला. “तरीच.”

मी त्याची माफी मागितली. सगळं सांगितलं, पुण्याचा माणूस, हसणारा चेहरा, पुसलेल्या फाइली. त्यानं ऐकून घेतलं आणि “जाऊ दे” म्हणाला. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, एकदा जुन्यासारखं वाजव ना, अकोल्यात वाजवलंस तसं, मी फोनवर रेकॉर्ड करतो. तो माझ्यासाठी पुन्हा बसला. मी समोर उभा राहून वेड्यासारख्या उड्या मारल्या. त्यानं सुरुवात केली, मिनिटभर वाजवलं आणि थांबला.

“नाई होत,” तो म्हणाला. “पयाले गेलो का डोक्यात ते टिकटिक चालू होते. चौदा एप्रिलले बी पोरं बोंबलत, भाऊ वाढवा, भाऊ वाढवा. त्याइनं दोन वर्सं पाह्यलं. आता ताशा दुसऱ्याच्या गयात असते.”

त्याला तिवस्याच्या गाडीत बसवून मी घरी आलो आणि ती यादी उघडली. ड्रम्सपुढचं नाव खोटं आहे, ते आज पुसायचं, असं वाटेत पक्कं ठरवलं होतं. गाणं लावलं. ठोक्यामागून ठोका ऐकत गेलो. दुपारी हॉलमध्ये ऐकले होते तेच होते, तसूभर फरक नव्हता. ते नाव आता खोटं राहिलं नव्हतं. मी यादी तशीच ठेवली.