वरून पाणी सोडलंय!

"आरं ऊठ, पळ! वरून पाणी सोडलंय!" माझे वडील, अण्णा, धोतर गुडघ्यावर धरून चिखलातून धावत येत होते. आवाज असा, की कोकणातून थेट आमच्या सोनपेठच्या बाजारात ऐकू गेला असेल.

आज कॅमेऱ्याची जुनी बॅग झाडली आणि मूठभर वाळू फरशीवर सांडली. वास तोच, खारट, कुबट. त्या सकाळी मी फोटोसाठी खाडीच्या चिखलात तासभर पालथा पडून होतो. समोर चिखलात चोची खुपसणारे तुतवार पक्षी. लोकांना मी लाखभर सांगतो, असतील चाळीसेक. भरती चढायला लागली होती. पण अण्णांचा जन्म गोदाकाठी गेलेला. आभाळ कोरडं असताना पाणी चढलं, म्हणजे धरणाचे दरवाजे उघडले, एवढंच त्यांना ठाऊक.

सगळे पक्षी उडाले. मी खवळलो. "अण्णा, समुद्र हाय हा! कळत न्हाई तर गप बसा की!"

काठावरची माणसं फिदीफिदी हसली. अण्णा आमच्या मधल्या ओहोळात मांडीभर पाण्यात उभे, मला ओढायला पुढे केलेला हात तसाच. त्यांना पोहता येत नव्हतं. आता अण्णा नाहीत, आणि मला तो हात दिसतो. तेव्हा फक्त उडालेले पक्षी दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी लाडीगोडी लावली, "चला की अण्णा, लय पक्षी आल्यात म्हणं."

"तू जा. मी हितंच बसतो."