डॉक्टरीणबाईंच्या मोटारीचे दिवे

सावली गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या जुन्या मोटारीचे बल्ब सारखे जळू लागले. बाळंतपणासाठी जंगलातल्या गावी जाताना वाटेतच दिवे जाऊन अंधार व्हायचा, म्हणून बाई काळजीत होत्या. ड्रायव्हर मात्र दिव्यांवर खूश होता.

"उजेड पाहा मास्तर, अस्वल दुरूनच पळते!" तो म्हणाला. "फक्त बल्ब टिकत नाई. आन् बॅटरी म्हशीवानी पाणी पिऊन राह्यली."

एवढ्यावरूनच माझी खात्री पटली. बॅटरीला वीज कमी नव्हे, जास्त मिळत होती. इंजिन बराच वेळ चालवूनही चार्जिंगचा काटा खाली येईना. डायनॅमोला आवरणारा रेग्युलेटर मी उघडून पाहिला. आत सगळे ठीक होते. पण त्याच्या बुडाशी ताजा हिरवा रंग होता. मोटार नुकतीच रंगवली होती आणि त्या रंगामुळे रेग्युलेटरचा मोटारीच्या पत्र्याशी विजेचा संबंधच तुटला होता, म्हणून डायनॅमो मोकाट वीज देत होता.

मी चाकूने रंग खरवडला आणि स्क्रू आवळले. इंजिन सुरू केल्यावर काटा हळूहळू उतरला, दिवेही सौम्य झाले.

"उजेड मारला नं मास्तर!" ड्रायव्हर हळहळला. "आता अस्वल काऊन पळन?"

"हॉर्न वाजव," म्हणत बाई बाळंतपणाला निघण्यासाठी औषधांची पेटी घेऊन मोटारीत बसल्या.

धानाच्या बांधीत राबून मला नागपूरला शिकायला पाठवणारे वडील तेव्हा आठवले; त्यांच्या कष्टाचे ते शिक्षण आज कामी आले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, मोटार दोन्ही दिवे लावून परतली.